उजवीकडून लावलेले तक्ते

आपा,

तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांनी इराचा फोन आला. इरा म्हणजे आमच्या नंदूची थोरली, कॅनडात असते ती. तिला ऑफिसात कसलंसं प्रेझेंटेशन द्यायचं होतं, आणि ते पसंत पडलं नाही तर तिचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. "आजी, उभं राहिलं की माझ्या घशाला कोरड पडते. तू एवढी वर्षं वर्गापुढं उभी राहिलीस, काहीतरी सांग ना." मी सवयीनं म्हणून गेले, "अगं, ते आपाआजीला विचार. त्यातलं तिला जास्त कळतं." बोलून गेल्यावर आठवलं, तुम्ही आता या जगात नाही.

मग तिला म्हटलं, लिहून पाठवते. पुंडलिकनगरच्या घरी टेबलापाशी बसले, कागदावर समास आखला, 'एक' असा आकडा घातला, आणि तुम्ही मध्येच बोलायला लागलात. म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. इरा आणि तिचा भाऊ अर्णव वाचतील. त्यांना तुम्ही माहीत आहात त्या सुट्टीत शीरखुर्मा खायला घालणाऱ्या आणि पत्त्यांत लबाडी करणाऱ्या आजी म्हणून. समितीपुढच्या त्या सकाळीबद्दल आपण दोघींनी घरात कुणाला धड सांगितलंच नाही. सांगायला बसलं की आपलं भांडण व्हायचं.

तेव्हा आपण औरंगाबादच्या जुन्या शहरातल्या मुलींच्या शाळेत होतो. मी इंग्रजी शिकवायची, तुम्ही गणित. मुलांच्या शाळेत शास्त्र आणि उच्च गणित होतं. आपल्या मुलींना वरच्या वर्गात गेलं की गृहशास्त्र. जिला डॉक्टर व्हायचं असेल तिनं मुलांच्या शाळेत जावं, आणि तिकडं मुलीला पाठवणार कोण? म्हणून आपल्या शाळेनं शास्त्राच्या तुकडीसाठी अर्ज केला होता, आणि तो तपासायला सरकारी समिती येणार होती. अर्ज फेटाळला गेला तर वरच्या वर्गांना होतं ते साधं गणितही बंद होणार होतं. गणित बंद म्हणजे तुमची जागा बंद. पोलीस ॲक्शननंतर तुमचे चुलते कराचीला गेले, भाईजान हैदराबादला राहिले, आणि या गावात घरचं माणूस म्हणून तुम्ही आणि अम्मी दोघीच उरला होतात. नोकरी राहिली नाही तर अम्मींना घेऊन निघून या, असं भाईजाननी बजावलं होतं. तुम्हाला जायचं नव्हतं. हे तुम्ही एकदाच बोलून दाखवलंत, गुलमंडीवर कार्डशीट घेताना, दुकानदार कागदाची गुंडाळी करत असताना. "ये गाव छोडके मैं कायकू जाऊं? मला इथल्या उन्हाची सवय आहे."

मोठ्या बाईंनी, म्हणजे आपल्या मुख्याध्यापिकांनी, कामं वाटून दिली, आधी माझं. "समितीपुढं सुमनबाई बोलतील. शिक्षण पुण्याचं, इंग्रजीतून झालेलं, आणि अध्यक्षही पुण्याचेच आहेत. तक्ते आणि प्रयोग आपांकडे." मग दार लोटून घेत म्हणाल्या, "आणि एक. माध्यमाचा विषय आपण होऊन काढायचा नाही." शास्त्र मराठीतून शिकवायचं आणि शिकवणाऱ्या बाईंचं, म्हणजे तुमचं, सगळं शिक्षण, अगदी बी.एस्सी.पर्यंत, उर्दूतून, समितीला हे खटकेल अशी त्यांना धास्ती होती. मराठी लिहायला तुम्ही नोकरीला लागल्यावर शिकलात, पाचवीच्या मुलींशेजारी बसून.

"और पूछे तो?" तुम्ही विचारलंत.

"विचारलं तर बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. पण त्यांनी काही बघून ठेवलेलं नव्हतं, हे आपल्या दोघींनाही कळलं.

मी माझ्या पद्धतीनं तयारीला लागले. मुद्दे काढले, त्यांना क्रमांक दिले, गजराचं घड्याळ समोर ठेवून पाठ केले आणि तुमच्या ओसरीवर अम्मींसमोर म्हणून दाखवले. "सन्माननीय अध्यक्ष महोदय, समितीचे आदरणीय सदस्य, आदरणीय मुख्याध्यापिका..."

"बाई," तुम्ही म्हणालात, "समितीची हजेरी घेताय का?"

"सुरुवात अशीच करतात, आपा."

"एवढ्यात चहा थंड होतो."

अम्मींना मराठी जेमतेम समजायचं. पण तक्क्याला टेकून, सुपारी कातरत, त्या मोठ्या तन्मयतेनं ऐकायच्या. चौथ्या मुद्द्याला अडकित्त्याचा आवाज थांबला. तुम्ही डोळ्यांनीच दाखवलंत. अम्मींची मान कलंडली होती.

"अम्मी सोई तो समिती भी सोएगी. हा मुद्दा काढा."

"सगळ्यात महत्त्वाचा आहे तो!"

"म्हणून तर झोप आली."

"मैं सोई नहीं," अम्मी डोळे न उघडता म्हणाल्या. "मैं गौर कर रई."

आपण हसलो, पण घरी जाताना मी चिडलेली होते. तुमचं म्हणणं एवढंच होतं की आधी विचारा, मग सांगा. ज्याला प्रश्नच पडलेला नाही त्याच्या पुढ्यात उत्तर कशाला टाकायचं? मी म्हणत होते, समिती म्हणजे आठवीचा वर्ग नव्हे. "सगळे आठवीतच असतात, बाई. कुणी टोपी घालतं, कुणी चष्मा लावतं." मी चौथा मुद्दा काढला आणि घरी जाऊन परत घातला. पुढच्या खेपेला अम्मी पुन्हा नेमक्या तिथंच झोपल्या. मग तो कायमचा गेला. इराला बिनदिक्कत सांगता येईल असं त्या सगळ्यातलं एवढंच: ज्याला आपलं बोलणं अर्धंच समजतं अशा माणसापुढं आधी बोलून बघ, आणि ते पेंगलं की वाद घालू नकोस.

तक्ते चार होते, एकेका वर्षाचा एक. शास्त्र शिकायचंय असं सांगणाऱ्या जितक्या मुली, तितकी दोन वेण्यांची चित्रं. मला आकडे हवे होते. "आकडा विसरतात, वेणी दिसते," म्हणत तुम्ही साल तेवढं खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंत. आदल्या दिवशी नंदूला ताप भरला म्हणून मी दुपारीच घरी गेले. तक्ते तुम्ही एकटीनं भिंतीला लावलेत.

आणि दुसऱ्या दिवशी समिती वेळेच्या आधीच आली. मी व्हरांड्यात मुद्दे घोकत होते, तर आपली शिपाई धोंडाबाई पदर सावरत धावत आली. "बाई, चला की बिगीबिगी! जीपगाडी फाटकात आली, अन् मोठ्या बाई अजून केस इंचरायल्यात!"

चित्रकलेच्या वर्गात तिघं बसले. अध्यक्ष, पांढरंशुभ्र धोतर आणि काळा कोट. शिक्षण खात्याचे एक निरीक्षक. आणि एक बाई सदस्य. मोठ्या बाईंनी माझी ओळख करून दिली. "पुण्याच्या का तुम्ही?" अध्यक्ष म्हणाले. "तरीच." मी अजून एक अक्षरही बोलले नव्हते. तरी त्या शब्दानं मला धीर आला, हे खरं. तुम्ही दाराशी प्रयोगाच्या टेबलामागं उभ्या होतात. मी सुरुवात केली आणि पहिलंच वाक्य पुरं व्हायच्या आत अध्यक्षांनी हात वर केला. ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या मागच्या भिंतीकडं बघत होते.

"पण बाई, मागणी तर घटतेच आहे. इकडं डावीकडं मुलीच मुली, आणि शेवटच्या तक्त्यावर पाहा. हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच."

मी वळले. तुम्ही तक्ते उजवीकडून लावले होते. पहिलं वर्ष उजवीकडं खिडकीशी, शेवटचं डावीकडं दाराशी. ज्या हातानं लहानपणापासून उजवीकडून लिहिलं, त्याला भिंत कुठून सुरू होते हे कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. आणि मी ते पाहायला आदल्या दिवशी तिथं नव्हते.

इरा, अर्णव, तुम्ही हे वाचाल तेव्हा तुम्हाला ही छोटीशी गोष्ट वाटेल. तक्ते उलटे लागलेत म्हणून सांगायचं, झालं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार होता, कुणी लावले आणि असे का? मोठ्या बाईंनी झाकून ठेवलेली गोष्ट पहिल्याच मिनिटाला उघडी पडली असती. न सांगावं तर मुलींना शास्त्र नकोच आहे, असं आमच्याच भिंतीवर लिहिलेलं होतं. निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मी हातातल्या कागदाकडं पाहिलं. त्यावर क्रमानं सगळं होतं, फक्त हे नव्हतं.

आपा, तुमच्याकडं बघायची मला हिंमत झाली नाही. मी खिडकीकडं चालत गेले. एवढं कळत होतं की खुर्चीत बसलेला माणूस भिंत डावीकडूनच वाचणार.

"साहेब, जरा उठता का? हे बसून बघायचं नाही. इकडं खिडकीशी या, आणि चालत चालत बघा."

ते उठेनात. मग त्या बाई सदस्य उठल्या, आणि बाई उभ्या म्हटल्यावर त्यांना उठावं लागलं. पहिल्या तक्त्यापाशी मी सांगितलं काहीच नाही. तुमचं ऐकलं, विचारलं. "या मुली किती दिसतात, साहेब?" ते वाकले, चष्मा सारखा केला, खालचं साल वाचलं. "अच्छा. म्हणजे हे पहिलं वर्ष." "मग पुढच्या तक्त्यावर काय असेल?" "वाढल्या असतील थोड्या." "बघा तर." तिसऱ्या तक्त्याकडं ते माझ्या आधी पोचले.

"पण मग उलटे का लावलेत?" निरीक्षकांनी मागून विचारलं.

"मुद्दाम," मी म्हटलं. "डावीकडून लावले असते तर आपण खुर्चीतूनच बघून मोकळे झाला असता."

बाई सदस्य खळखळून हसल्या. अध्यक्ष म्हणाले, "पुण्याच्या खऱ्या!" चालत चालत मंडळी आपोआप तुमच्या टेबलाशी पोचली होती.

तुम्ही पेला पाण्यानं काठोकाठ भरलात आणि वर पोस्टकार्ड ठेवलंत. "साहेब, हात पुढं करा. पेला तुमच्या हातावर उलटा धरते. पाणी पडेल?"

"पडेलच की, बाई."

"मग धोतर सांभाळा."

त्यांनी हात पुढं केले आणि मान मात्र मागं घेतली. तुम्ही पेला उलटा केलात, कार्डाखालचा हात हळूच काढून घेतलात. पाणी पडलं नाही. "कुणी धरलंय हे?" तुम्ही विचारलंत. मी असते तर लगेच सांगून टाकलं असतं. तुम्ही थांबलात. पेला त्या शुभ्र धोतरावर तसाच उलटा, आणि तुम्ही आपल्या थांबलेल्या. शेवटी अध्यक्ष एखाद्या पोरासारखे हळूच म्हणाले, "हवेनं?"

"हौ! शाबास."

सगळे हसले. आपण जिंकलो होतो, आपा. ते मला दिसत होतं, तुम्हालाही दिसत होतं. हात ओले झालेले नसतानाही ते रुमालानं पुसत अध्यक्षांनी अगदी सहज, कौतुकानं विचारलं, "फार छान. तुमचं स्वतःचं शिक्षण कुठल्या माध्यमातून झालं, बाई?"

मोठ्या बाई खोकल्या. मी तुमच्याकडं बघून नुसते ओठ हलवले, बी.एस्सी. म्हणा, बी.एस्सी. तुम्ही मला पाहिलंत. पेला सरळ करून टेबलावर ठेवलात.

"उर्दूतून, साहेब. पहिलीपासून सगळं. म्हणूनच तक्ते उजवीकडून लागले. ते मुद्दाम नव्हतं. सुमनबाईंनी मला सांभाळून घेतलं."

अध्यक्षांनी तुमच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. त्या बाई सदस्य आता हसत नव्हत्या. निरीक्षकांचं पेन चालू लागलं. "अच्छा," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. चहा होईपर्यंत सगळे औरंगाबादच्या हवेबद्दल बोलत राहिले.

जीप गेल्यावर त्या वर्गात आपण जे बोललो ते मला शब्दाशब्दानं आठवतं.

"काय गरज होती, आपा?"

"त्यांनी विचारलं."

"बी.एस्सी. म्हटलं असतं तरी भागलं असतं. खोटं नव्हतं ते."

"आणि तुमचं मुद्दाम?"

"ते तुमच्यासाठी होतं! मुलींसाठी, अम्मींसाठी! चारचौघांत मला खोटं पाडलंत तुम्ही."

तुम्ही भिंतीवरच्या टाचण्या काढत होतात. पाठ माझ्याकडं होती. "लपवून मिळालं तर रोज लपवावं लागेल, बाई. मला एक दिवस जमेल. रोज नाही जमायचं."

"आणि नाही मिळालं तर? जाल हैदराबादला?"

तुम्ही पुढची टाचणी काढलीत. मी थांबले नाही, निघून गेले. आजही तो राग मला पुरता चुकीचा वाटत नाही.

निकाल यायला बरेच आठवडे लागले. तेवढे दिवस शिक्षकांच्या खोलीत आपण एकाच बाकावर बसत होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो. तुम्हाला खडू हवा असला की धोंडाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहायची. "आपा इचारायल्या, खडू हाय का म्हून." मी म्हणायची, "सांग, कपाटात आहे." एक दिवस तिनं पदर कमरेला खोचला. "म्या काय तारवाली हाय का? हातभर अंतरावर बसता, अन् मला मधी पळवायल्या. लई शिकलेल्या बाया!" तुम्ही तोंडावर पदर घेतलात. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुम्ही हसत होतात की काय ते मला बघायचं नव्हतं, कारण मग मलाही हसू आलं असतं.

तुकडी मंजूर झाली. अट मात्र होती. शास्त्र विभागाची प्रमुख मराठीतून शिकलेली हवी, ती बाहेरून नेमायची. तुम्ही तिच्या हाताखाली शिकवायचं आणि मराठीची परीक्षाही द्यायची. मोठ्या बाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा खोलीतल्या सगळ्याजणी तुमच्याकडं बघत होत्या. आता ही बाई राजीनामा देऊन हैदराबादची वाट धरणार, असं प्रत्येकीच्या मनात होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "परीक्षा कब है?"

त्यानंतर आयुष्यभर आपण तेच भांडलो. मी म्हणायची, त्या एका वाक्यानं तुमचं प्रमुखपद गेलं. तुम्ही म्हणायच्या, मंजुरी त्या वाक्यानंतरच आली की नाही? दोन्ही खरं, आणि दोन्ही सिद्ध करता येत नाही. बाहेरून आलेली मुलगी तुमच्याहून कितीतरी लहान होती. तुम्ही निवृत्त होईपर्यंत तिला 'मॅडम' म्हणालात, आणि मला ते एक दिवसही सहन झालं नाही. तुम्हाला कसं वाटतं, हे मी विचारलं नाही. तुम्ही 'काही नाही' म्हणाला असतात आणि मला ते खरं मानावं लागलं असतं, याची भीती होती बहुतेक. आता विचारता येत नाही. तुमच्या घरी बसायला गेले त्या दिवशी बायकांच्या खोलीत आपल्या तीन जुन्या विद्यार्थिनी भेटल्या. तिघीही डॉक्टर, तिघीही आता म्हाताऱ्या. त्यांतली एक माझा हात हातात घेऊन बसून राहिली. तिला त्या सकाळचं काहीच माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी सांगितली नाही. जूनमध्ये शास्त्राचा पहिला तास तुम्ही घेतलात, तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. माझाही तास होता, घंटा होऊन गेली होती, तरी पाय निघेना. नव्या मॅडम तुमचा तास बघायला शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. आजही तुम्ही काहीतरी बोलून बसणार, या धास्तीनं मी दाराच्या आड थांबले.

आणि बोललातच. "मुलींनो, मी उर्दूतून शिकले. माझं मराठी चुकलं तर हात वर करा. शास्त्र चुकलं तर सरळ उभ्या राहा."

वर्गात खुसखुस झाली. तुम्ही फळ्यावर लिहायला लागलात. लगेच एक हात वर आला, कुठंतरी काना राहिला होता. तुम्ही तो दिलात, "शुक्रिया" म्हणालात आणि पुढं लिहिलंत. मग भिंतीकडच्या बाकावरची एक बारकी मुलगी उभी राहिली. सगळा वर्ग वळला. मॅडमनी मान वर केली. तुम्ही फळ्याकडं वळून लिहिलेली ओळ पुन्हा वाचलीत.

"हिचं बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "माझं चुकलं. सगळ्याजणी खोडा."

मुलगी तशीच उभी. बाईंना चुकीचं ठरवल्यावर खाली बसायचं असतं की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. "बस, बेटा," तुम्ही म्हणालात. "उद्याही अशीच उठ." मी माझ्या वर्गात गेले, मुलींना पुस्तकं उघडायला सांगितलं, आणि कोणतं पान ते मला सांगता येईना.

आपा, त्या सकाळी ते सांगायची गरज नव्हती, असं मी अजूनही म्हणते. त्यावर तुम्ही काय म्हणाल ते मला तोंडपाठ आहे. दोन-तीनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. शब्द सगळे तेच येतात. पण माझ्या तोंडून ते पटत नाहीत, तुमच्या तोंडून जवळजवळ पटायचे.